बाई, एक विचारू? घरच्या शाळेतली मराठी, साडेचार वर्षांपासून बारावीपर्यंत

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यात साखळीला राहतो. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे माझी भाषा मराठी. सासरी घरात कोंकणी. थोरला मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. धाकटी साडेचारची आहे, तिला शाळेत घालायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. गणित-विज्ञानाची मला धास्ती नाही, मी बी.एस्सी. आहे. अडतं ते भाषेपाशी. एका अमेरिकन अभ्यासक्रमाचा आराखडा छापून भिंतीला लावलाय. त्यात भाषेचे रोज सहा तुकडे आहेत : अक्षर आणि उच्चार, स्पेलिंग, शब्दसंग्रह, व्याकरण, आकलन, लेखन. तोच मराठीला लावला. दीड तास जातो आणि शेवटी मुलगा वही मिटून बसतो. तोंडी विचारलं तर तासभर बोलेल, लिहायला सांगितलं की तीन ओळी. शिवाय आजीशी कोंकणी, माझ्याशी मराठी, बाहेर इंग्लिश. लिहिताना सगळ्याची खिचडी होते. धाकटीचं कुठून सुरू करू? बारावीपर्यंतचं कसं आखायचं? पुस्तकं कुठली, परीक्षा कुठून?
– एक आई, साखळी

उत्तर : ताई, आधी तो भिंतीवरचा कागद काढा. तो वाईट नाही, पण दुसऱ्या भाषेसाठी बेतलेला आहे. इंग्लिशमध्ये एकच आवाज चार तऱ्हांनी लिहितात आणि एकच अक्षर चार तऱ्हांनी वाचतात. म्हणून तिकडच्या मुलांची पहिली काही वर्षं अक्षर आणि आवाज यांची गाठ घालण्यातच जातात, स्पेलिंगला वेगळा तास लागतो. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी एकदा डोळ्यांत बसली की वर्ष-दीड वर्षात मूल पुढ्यात येईल ते वाचतं. दुकानाची पाटी वाचतं, औषधाची बाटली वाचतं, अर्थ कळो न कळो. म्हणजे तुमच्या कागदावरच्या पहिल्या दोन तुकड्यांना मराठीत फारसं काम नाही, आणि तुम्ही ते रोज भरत बसता.

आपली अडचण वेगळी आहे. मूल लवकर वाचायला लागतं, म्हणून आपल्याला वाटतं भाषा आली. ज्या दिवशी ते स्वतः वाचू लागतं, त्या दिवसापासून आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो, आणि त्यानं काय वाचलं ते त्याच्या तोंडून ऐकणंही बंद करतो. ३३ वर्षं हायस्कूलला मराठी शिकवताना सगळ्यात जास्त नुकसान मी या एका गोष्टीनं झालेलं पाहिलं. दहावीतली हुशार मुलं धडा घडाघडा वाचत, आणि ‘काय सांगितलंय यात?’ विचारलं की पुस्तकात बघत. तेव्हा बारावीपर्यंतच्या आराखड्यात माझ्या मते न हलणारी एकच गोष्ट आहे : रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मुलानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. साडेचारच्या मुलीला आणि सतरा वर्षांच्या मुलालाही. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या अंगाखांद्यावर वाढतं.

आता धाकटी. तिच्या हातात पेन्सिल देण्याची घाई नको. तिची भाषा अजून कानात आणि जिभेवर आहे, तिथेच ती घट्ट होऊ दे. तुमच्या घरी चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळा-फुलांनी सजवलेली चौकट, बांधत असतील. यंदा तिला माटोळीखाली उभी करा आणि वर बांधलेल्या एकेका वस्तूचं नाव तिच्याकडून वदवून घ्या : कवंडळ, शेरवडं, चिबूड, तोरिंजन, सुपारीचा घोस. कुठलं कुठून आणलं, कोणी आणलं, हाताला कसं लागतं, वास कसा येतो. सासूबाईंना त्यातली जी नावं ठाऊक आहेत ती तुम्हा-आम्हालाही नसतील. फुगडीची आणि धालोची गाणी, ओव्या, कोडी, आरत्या, सगळं चालेल, अर्थ नंतर येऊ दे. माझी आजी निरक्षर होती. पण जात्यावर बसली की तिला शब्द अडला असं कधी झालं नाही. गोवामुक्तीनंतर गावात मराठी शाळा आली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आमच्या घरातली शाळेत जाणारी पहिली मुलगी. पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं, काय येतं? मी आजीच्या चार ओव्या म्हटल्या. गुरुजींनी मला पुढच्या ओळीत बसवलं. माझी मराठी तिथे सुरू झाली नव्हती, आजीच्या जात्यापाशी आधीच झाली होती, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं.

अक्षरं साडेपाचच्या सुमाराला घ्या. अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत ओळीनं नको. वळणानं घ्या : ग, म, भ, न. चारही अक्षरांना उजवीकडे उभी काठी आहे, हात एकाच दिशेनं वळतो. या चार अक्षरांना नुसता काना दिला की किती शब्द होतात पाहा : मामा, नाना, नाग, मान, भान, गाभा. पहिल्या आठवड्यात मूल शब्द वाचतं, आणि तोही घरातल्या माणसाचा. मग व, ब, क. मग प, ष, फ. मग त, ल. ताटात तांदूळ पसरून बोटानं काढायचं, पाटी त्यानंतर. एक गोष्ट मात्र शिक्षकसुद्धा विसरतात. ‘चंद्र’मधला च आणि ‘चाक’मधला च सारखा नाही, ‘जीव’मधला ज आणि ‘जाळं’मधला ज सारखा नाही. लिपी हा फरक दाखवत नाही, तो कानानंच उचलावा लागतो. म्हणूनसुद्धा वाचून दाखवायचं.

आता थोरल्याकडे येते, कारण खरी काळजी त्याची आहे असं पत्रावरून वाटलं.

बांदोड्याला माझ्या ओसरीवर शेजारची चार-सहा मुलं संध्याकाळी येतात. त्यांत एक मुलगा तुमच्या मुलाच्याच वयाचा, अगदी त्याच्यासारखा. पहिल्या पावसात तो काकाबरोबर चढणीचे मासे धरायला गेला होता. मी म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं : ‘आम्ही मासे पकडायला गेलो. खूप मासे होते. खूप मजा आली.’ मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, मला सांग, मी लिहिते. तो वीस मिनिटं बोलला. शेतातून पाणी व्हाळात कसं उतरत होतं, मासे त्या पाण्याच्या उलटे कसे उड्या मारत होते, काकाच्या बॅटरीचा उजेड पडला की त्यांची अंगं कशी चमकायची, एक मासा त्याच्या पायाच्या घोट्याला आपटून गेला तेव्हा तो कसा ओरडला आणि काकानं ‘ओगी राव’ म्हणून कसं गप्प केलं. मी त्याचा शब्द न बदलता सगळं उतरवून घेतलं, दीड पान झालं, आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो वाचत गेला. मधेच थांबून म्हणाला, ‘बाई, हें हांवें सांगलें?’ मी म्हटलं, हो, तूच.

हाच उपाय मी तुम्हाला सांगते. महिनाभर त्याच्याकडून एक ओळही लिहून घेऊ नका. तो सांगेल, तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी तो ते वाचेल आणि त्याला वाटेल ते बदलेल. दुसऱ्या महिन्यात पहिला परिच्छेद तुम्ही लिहायचा, शेवटचा त्यानं. तिसऱ्यात पहिला आणि शेवटचा त्याचा, मधला तुमचा. साधारण पाच-सहा महिन्यांत तो तुमच्या हातातून पेन काढून घेतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. हात आणि ह्रस्व-दीर्घाची भीती त्याला मागे खेचतेय.

ही भीती मी स्वतः मुलांना घातलेली आहे, म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी वह्या लाल करून परत द्यायचे. आठवीतल्या एका मुलीनं आजोबांच्या मरणावर निबंध लिहिला होता. त्यात मी एकोणतीस चुका दाखवल्या आणि खाली ‘शुद्धलेखन सुधारावे’ एवढंच लिहिलं. त्या मुलीनं वर्षभर मला पाच ओळींच्या वर काही लिहून दिलं नाही. ते एकोणतीस खुणांचं पान माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेलं नाही. तुम्ही एका लिखाणात एकाच प्रकारची चूक दाखवा. या आठवड्यात फक्त वेलांटी, पुढच्या आठवड्यात फक्त अनुस्वार. आणि आधी त्यानं काय सांगितलंय त्याबद्दल बोला.

खिचडीबद्दल. ही खिचडी चूक नाही, तिला कारण आहे, आणि कारण कळलं की ती सुटते. कोंकणीत लहान मुलीला आणि तरुण बाईलाही नपुंसकलिंग वापरतात : ‘तें आयलें’. म्हणून गोव्यातलं मूल मराठीत ‘माझी ताई घरी आलं’ लिहितं आणि बेळगावच्या आईला ते विचित्र वाटतं. कोंकणीत ‘नांव’, ‘गांव’ अनुस्वार देऊन लिहितात. मराठीतले असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले, आपण ‘नाव’, ‘गाव’ लिहितो. लिपी दोन्हींची एक, म्हणून गोंधळ. मुलाला एक वही करून द्या, डाव्या पानावर कोंकणी, उजव्यावर मराठी. उदक – पाणी, शीत – भात, भुरगें – मूल, तें आयलें – ती आली. त्याची त्यानं भरायची. सासूबाईंना सांगा, रोज जेवणानंतर एक गोष्ट कोंकणीतून सांगा. दुसऱ्या दिवशी मुलगा ती तुम्हाला मराठीत सांगेल. हा अनुवाद आहे, ताई, आणि अकराव्या वर्षी तो करणाऱ्या मुलाला पुढे कुठलाही निबंध जड जात नाही. बोरीचे बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत कविता लिहीत. घरात दोन भाषा असणं हे तुमच्या मुलाचं भांडवल आहे, आजीसमोर कोंकणीला कमी लेखणारा शब्दही त्याच्या कानावर पडू देऊ नका.

शुद्धलेखनाचे सगळे नियम एकदम नकोत. दोन बसले की निम्म्याहून अधिक चुका जातात. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ : पाटी, वाळू, कवी, गुरू, ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे अपवाद. दुसरा, ‘फूल’, ‘दूध’, ‘मीठ’, ‘तूप’ यांत पहिलं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ह्रस्व : फुलाला, दुधात, मिठानं, तुपावर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘गुण’, ‘विष’ मात्र मुळातच ह्रस्व. हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिकवता येतं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यालाच लिहायला लावा. आणि र ची जोडाक्षरं एका सहलीत होतील. मिरामारला उभं राहून ‘दर्या’ लिहायचा, चोर्ला घाटात उभं राहून ‘दऱ्या’ लिहायच्या. उच्चार करून बघायला सांगा : ‘दर्या’ म्हणताना आधीच्या द वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. एकदा हे कानाला कळलं की ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत त्याची कधी गल्लत व्हायची नाही.

बाराव्या वर्षापर्यंत व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही तरी चालेल. बारा ते चौदा या वयात मुलांना नियम शोधायला आवडतात, तेव्हा घ्या. ‘मी आंबा खातो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’, यात क्रियापद कोणाचं ऐकतं? आंब्याच्या जागी कैरी ठेव, आता काय झालं? असं चार दिवस खेळलात की कर्तरी आणि कर्मणी प्रयोग त्याला स्वतःच सापडतील, व्याख्या मग दोन मिनिटांत पाठ होते. महिन्याला एक कविता पाठ करायची, तीही तुमच्यासमोर उभं राहून म्हणायची.

इंग्लिश चार वर्षांपासून कानावर पडू द्या, वाचायला आठव्या वर्षानंतर. तुमचा तो भिंतीवरचा कागद तेव्हा कामाला येईल, जपून ठेवा. हिंदी गोव्यात कानावर येतेच, तिच्यासाठी वेगळा ताण घेऊ नका.

पुस्तकांसाठी फार खर्च नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. प्रत्येक वर्षी त्या इयत्तेचं एक पुस्तक कणा म्हणून ठेवा, म्हणजे काही राहून गेलं का ते कळतं. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर आहेत. ते अंक मोठ्यानं वाचायला फार चांगले. आणि पंधरा दिवसांतून एकदा बस धरून पणजीला पाट्टोवर या. तिथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं आहे, मुलांचा विभाग वेगळा आहे. मुलांना तिथे मोकळं सोडा, पुस्तक त्यांनी निवडायचं. धाकटीनं एकच पुस्तक पाच वेळा आणलं तरी आणू द्या.

पंधरानंतर भाषेला विषय लागतो. नुसतं ‘पावसाळा’ आणि ‘माझा आवडता सण’ यावर त्या वयात लिहायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे. त्याला माणसांकडे पाठवा. खाडीकाठच्या खाजन शेतीत मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं भरती-ओहोटीला कशी उघडतात-मिटतात हे ज्यानं आयुष्यभर सांभाळलं त्या माणसाकडे, माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडे, पहाटे सायकलवर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराकडे. आधी दहा प्रश्न लिहून न्यायचे, तिथे टिपणं घ्यायची, घरी येऊन आठशे शब्दांत मांडायचं. चार दिवस बाजूला ठेवून पुन्हा लिहायचं. हे दुसऱ्यांदा लिहिणं फार महत्त्वाचं आहे, शाळेत त्याला वेळच मिळत नाही, घरच्या शाळेत मिळतो. वर्षात असे सहा लेख झाले तरी पुष्कळ. त्याच वयात जुनी मराठीही दाखवा. इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स यांनी लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली आपल्या राचोलला छापलं गेलं. अक्षरं रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा. गोव्यातल्या मुलाला हे अकरावीच्या आत माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावात, आपल्या नदीकाठी ही भाषा कोणकोणत्या हातांतून गेली ते त्याला कळू दे.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं, बारावीला १५ नंतर. पाच विषय लागतात, त्यांत किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा. दहावीला मराठी घेता येते. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक विषय करून सोडवला तरी चालतं. बारावीची विषयनिवड करण्याआधी त्या वर्षाची भाषांची यादी नीट बघून घ्या. कायद्याचंही ठाऊक असू द्या : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरच्या शाळेचा उल्लेख नाही. त्यामुळे मुलाचे जुने दाखले, वयाचा पुरावा आणि त्यानं केलेल्या कामाच्या वह्या तारखेनिशी सांभाळून ठेवा. त्या वह्या तुम्हाला पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडतील, आणि त्याच्या बायको-मुलांना वाचायला आवडतील ते वेगळंच.

दीड तासाच्या जागी रोज पाऊण तास भाषेला पुरे. वीस मिनिटं वाचून दाखवणं, दहा मिनिटं त्यांचं सांगणं, पंधरा मिनिटं लिहिणं. थोरल्याला वाचून दाखवताना धाकटी मांडीवर असली तरी चालेल. तिला अर्धंमुर्धं कळेल. मलाही आजीच्या ओव्या अर्ध्यामुर्ध्याच कळायच्या.

प्रश्न : माझी नात तेरा वर्षांची. वास्कोला इंग्लिश शाळेत जाते, घरी मराठी छान बोलते, पण वाचताना अडखळते आणि मग पुस्तक ठेवून देते. सुटीत दोन महिने माझ्याकडे असेल. पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात करू का?
– एक आजोबा, वास्को

उत्तर : आजोबा, पहिलीचं पुस्तक नको. तेरा वर्षांच्या मुलीला कमळ-गवत वाचायला देणं तिला लागेल, आणि ती तुम्हाला तसं सांगणार नाही, नुसती गप्प होईल. तिच्या वयाला शोभेल अशी रहस्यकथा किंवा प्रवासवर्णन घ्या. पहिलं प्रकरण सगळं तुम्ही वाचा. दुसऱ्या प्रकरणापासून एक पान तुम्ही, एक परिच्छेद ती. ती अडखळली तर तीन मोजेपर्यंत थांबा आणि शब्द सांगून टाका, फोड करून शिकवत बसू नका. गोष्टीचा धागा तुटला की ती पुस्तक मिटते. संध्याकाळी फक्त अडलेले पाच शब्द एका कागदावर लिहून तिच्याबरोबर बघा. बहुतेक वेळा जोडाक्षरंच असतील : ‘प्रश्न’, ‘व्यवस्था’, ‘दृष्टी’, ‘आश्चर्य’. ती दहा-पंधराच जोडाक्षरं पुन्हा पुन्हा येतात.

आणि एक काम तिच्यावर सोपवा. सकाळच्या वर्तमानपत्रातल्या पहिल्या पानाच्या बातम्या तिनं तुम्हाला वाचून दाखवायच्या, तुमचा चष्मा तोवर कपाटात. मी लहान असताना आजीला रोज पेपर वाचून दाखवायचे. तिला खरंच गरज होती, म्हणून माझी कधी टाळाटाळ झाली नाही.

प्रश्न : बाई, मी सोळा वर्षांचा आहे, काणकोणला घरूनच बारावी करतोय. निबंधात माझी वाक्यं सगळी सारखीच होतात, वाचताना मलाच कंटाळा येतो. मला नाटक आवडतं पण स्टेजवर जायची भीती वाटते. माझं लिहिणं कसं सुधारेल?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातच उपाय आहे. तुमच्या गावात जत्रेला किंवा कालोत्सवाला नाटक होत असेल. तालमी सुरू झाल्या की दिग्दर्शकाला भेट आणि प्रॉम्प्टर म्हणून बसायला माग. विंगेत संहिता घेऊन बसणाऱ्याला स्टेजवर जावं लागत नाही, पण नटाच्या आधी अर्धं वाक्य वाचावं लागतं, कुठे श्वास घ्यायचा, कुठलं वाक्य तोडायचं, कुठे नुसतं थांबायचं हे कळावं लागतं. महिनाभर रोज रात्री दोन तास तेच संवाद ऐकलेस की लांब वाक्यानंतर आखूड वाक्य का येतं ते तुझ्या कानात बसेल. घरी येऊन त्या दिवशीच्या तालमीबद्दल अर्धं पान लिहीत जा, आणि लिहून झालं की ते मोठ्यानं वाच. जिथे तुझा श्वास अडेल तिथे वाक्य मोडायचं, जिथे तीन वाक्यं एकाच ठेक्यात येतील तिथे दोन जोडायची.

संहितेवर पेन्सिलीनं खुणा करायला दिग्दर्शकाची परवानगी मात्र आधी घे, पुष्कळदा गावात ती एकच प्रत असते.